मैफल, वर्ग आणि प्रबंध

रंगमंचावर वाजवावें, विद्यालयांत शिकवावें आणि उरल्या वेळांत संशोधन करावें, असा कलावंत युरोपांत नवलाचा समजला जात नाहीं. हंगेरीचा बेला बार्टोक (१८८१–१९४५) घ्या. मैफली गाजविणारा हा पियानोवादक १९०७ पासून बुडापेस्टच्या संगीत विद्यालयांत पियानो शिकवीत असे, आणि फोनोग्राफ घेऊन खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांचीं गाणीं टिपून आणीत असे. आपल्याकडे मात्र या तीन कामांच्या तीन जाती पडल्या. गाणारा तो उस्ताद, शिकविणारा तो मास्तर आणि लिहिणारा तो पंडित. भातखंड्यांनीं (१८६०–१९३६) शास्त्र ग्रथित केलें, तें बहुतांशीं दुसऱ्यांच्या गळ्यांतून ऐकून. त्यांत त्यांस उणेपणा नाहीं. परंतु गाणाऱ्यानेंच गाण्याविषयीं लिहावें ही गोष्ट त्यानंतरहि फार दिवस विरळाच राहिली. ती ज्यांनीं आयुष्यभर करून दाखविली त्यांत डॉ. प्रभा अत्रे यांचें नांव आधीं घ्यावें लागेल.

त्यांचा जन्म १३ सप्टेंबर १९३२ रोजीं पुण्यास झाला. घराणें गवयाचें नव्हे. आई इंदिराबाई यांची प्रकृति बरी नसे. संगीतानें मन रमेल म्हणून त्यांनीं शिकवणी लाविली. ती शिकवणी आठ वर्षांची मुलगी ऐकत बसे, आणि विद्या आईऐवजीं मुलीस लागली! पुढें किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने आणि त्यांच्या भगिनी हिराबाई बडोदेकर यांच्याकडे तालीम झाली. शास्त्र आणि कायदा या दोहोंतील पदव्याहि त्यांनीं याच काळांत मिळविल्या. संगीत नाटकांतून भूमिका झाल्या, आकाशवाणींत नोकरी झाली; त्या तपशिलांत शिरण्याचें येथें कारण नाहीं.

खरा प्रश्न सरगमेचा होता. ख्याल गातांना मध्येंच सा, रे, ग, म या अक्षरांनीं आलाप किंवा तान घेणें हें कित्येक जुन्या रसिकांस खटके. स्वरांचीं नांवें हीं शिकण्याचें साधन; इमारत उभी राहिल्यावर परांची काढून टाकावी, ती लोकांस दाखवूं नये, असा हा आक्षेप. वस्तुतः किराण्यांत अब्दुल करीम खांसाहेबांच्या गाण्यांत सरगम होती, आणि ज्या अमीर खांसाहेबांच्या गायकीचा प्रभाताईंवर मोठा परिणाम झाला, त्यांच्या गाण्यांतहि ती होती. टाळ्या मिळत असतां आक्षेपाकडे दुर्लक्ष करणें गायिकेस सहज शक्य होतें. प्रभाताईंनीं तोच विषय डॉक्टरेटच्या प्रबंधास घेतला. सरगम ही नुसती स्वरांची यादी नसून आलाप, तान यांच्याप्रमाणेंच रागविस्ताराची एक स्वतंत्र सामग्री आहे, असा त्यांचा पक्ष.

या पक्षांत तथ्य किती, तें वाचकांनीं स्वतः गुणगुणून पाहावें. आकारांत व्यंजन नाहीं. बंदिशींत व्यंजन आहे, पण त्याच्या पाठीशीं अर्थ आहे. सरगमेंत व्यंजन आहे आणि अर्थ नाहीं, म्हणून लयीचे आघात उठून दिसतात. उलट, येथें अक्षर आणि स्वर यांचें लग्न आधींच लागलेलें असतें. गायकास अक्षर निवडण्याची मुभा उरत नाहीं. शिवाय कोमल आणि शुद्ध ऋषभ दोघांचें नांव एकच, आणि गांधारावरून ऋषभाकडे घसरत येणाऱ्या मिंडेस तर नांवच नाहीं. म्हणजे सरगम सांगते तितकेंच लपविते. हें लपलेलें केवळ उच्चारानें, दाबानें आणि थांबण्यानें कळवावें लागतें, आणि तेथेंच गिनतीची सरगम व कलावंताची सरगम यांच्या वाटा फुटतात. माझ्या मतें, ज्याच्या गळ्यांत ही अडचण रोज उभी राहते त्यानेंच ती कागदावर मांडावी. दिवाणखान्यांत बसून ती दिसत नाहीं.

राग व रस, राग व समय या जुन्या जोड्यांकडेहि त्यांनीं प्रयोगकर्तीच्या दृष्टीनें पुन्हा पाहिलें. परंपरेच्या नांवानें कोणतीहि गोष्ट विनाचौकशी खपवून घेणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. सर्वांस तें रुचलें असें नाहीं.

१९७९ पासून १९९२ पर्यंत त्या मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठांत संगीताच्या प्राध्यापिका व विभागप्रमुख होत्या. विद्यापीठांतून गवई निघत नाहींत, ही आपल्याकडील ठरीव तक्रार. तासाची घंटा झाली कीं भूप मिटवून ठेवावयाचा, हें गुरुगृहीं चालत नसे, हेंहि खरें. तथापि वर्गांत एक गोष्ट घडते: तेथें विद्यार्थिनी "असें कां?" म्हणून विचारूं शकते, आणि शिक्षिकेस "आमच्या घराण्यांत असेंच आहे" एवढ्या उत्तरावर सुटतां येत नाहीं. पुढें पुण्यास ‘स्वरमयी गुरुकुल’ काढून त्यांनीं शिष्यांस समोर बसवून शिकविण्याची जुनी रीतहि चालू ठेविली.

एवढ्यानें मैफल मागें पडली नाहीं. मारुबिहाग आणि कलावती यांची त्यांची ध्वनिमुद्रिका घरोघर पोहोंचली. अपूर्व कल्याण, मधुरकंस, तिलंग भैरव असे नवे राग त्यांनीं बांधले. ‘स्वरमयी’, ‘सुस्वराली’ हीं पुस्तकें लिहिलीं. १८ एप्रिल २०१६ रोजीं दिल्लीस त्यांचीं अकरा पुस्तकें एकाच व्यासपीठावर प्रकाशित झालीं, तेव्हां त्यांस त्र्याऐंशी वर्षें पुरीं झालेलीं होतीं. १९९० मध्यें पद्मश्री, २००२ मध्यें पद्मभूषण आणि २०२२ मध्यें पद्मविभूषण मिळालें. १३ जानेवारी २०२४ रोजीं पुण्यास त्या निवर्तल्या. सरगमेचा वाद अजून मिटलेला नाहीं. मात्र आतां आक्षेप घेणारास त्यांच्या प्रबंधास उत्तर द्यावें लागतें.