तिसरा माग

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एक सरळ हिशेब असतो. कामगाराने तासाला पाच टक्के जास्त माल काढला आणि त्याचा पगारही पाच टक्क्यांनी वाढला, तर एका नगामागे मजुरीचा खर्च होता तेवढाच राहतो. भाव वाढवायचं कारण उरत नाही. पगार त्याहून जास्त वाढला तर महागाईला वाट मिळते. कमी वाढला तर फरक मालकाच्या नफ्यात जातो, किंवा स्वस्त मालाच्या रूपाने गिऱ्हाइकाला मिळतो. हिशेब बरोबर आहे. मात्र या बदलांना किती वर्षं लागतात आणि तोवर कोण घरी बसतं, हे त्यात येत नाही. मुंबईच्या गिरण्यांचा १९१४ ते १९३४ हा काळ त्यासाठी पाहण्यासारखा आहे.

पहिल्या महायुद्धाने महागाई आणली. १९१४ चा मुंबईतल्या कामगाराचा राहणीखर्च १०० धरला, तर १९२० मध्ये तो १९० च्या वर गेला होता. कापडाचे भाव चढलेले होते आणि गिरण्या भरघोस नफ्यात होत्या. तरीही पगार आपसूक वाढले नाहीत. जानेवारी १९१९ मध्ये आणि पुन्हा १९२० मध्ये लाखाच्या वर कामगार संपावर गेले, तेव्हा कुठे महागाई भत्ता १९१४ च्या पगारावर ७० ते ८० टक्क्यांपर्यंत पोचला.

मग भाव उतरू लागले. १९२५ च्या सुमारास निर्देशांक १५५ च्या आसपास आला, भत्ता मात्र तसाच होता. म्हणजे कामगाराच्या हातातल्या पगारात युद्धाआधीपेक्षा थोडं जास्त धान्य येऊ लागलं. मालकाच्या वहीत हीच गोष्ट उलटी दिसत होती: कापड स्वस्त, मजुरी तेवढीच. त्यात जपानी कापडाची स्पर्धा होती आणि रुपयाचा दर १६ पेन्सवरून १८ पेन्सवर गेला होता, त्यामुळे परदेशी माल आणखी स्वस्त पडत होता. १९२७ च्या कायद्याने तोच दर पक्का केला.

१९२५ मध्ये मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. संप झाला आणि तो डिसेंबरपर्यंत चालला. सरकारने देशी कापडावरचा साडेतीन टक्के अबकारी कर उठवला, तेव्हा कपात मागे घेण्यात आली. पगाराला थेट हात लावणं महागात पडतं, हे मालकांना कळलं.

दुसरी वाट उत्पादकतेची होती. विणकर दोन माग सांभाळत असे, त्याने तीन सांभाळायचे. साचेखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू पाहायच्या. याला ‘रॅशनलायझेशन’ म्हणत आणि ससून यांच्या गिरण्या त्यात पुढे होत्या. सहा माग घ्या. दोनाच्या हिशेबाने तीन विणकर लागतात, तीनाच्या हिशेबाने दोन. उरलेल्या दोघांची कमाई वाढणार होती, पण काम दीडपट झालं म्हणून दीडपट नव्हे. तिसऱ्याला कामावर ठेवायचं तर कापड दीडपट खपायला हवं होतं, आणि मंदावलेल्या बाजारात ते शक्य नव्हतं.

मालकांचं म्हणणं निव्वळ बहाणा नव्हतं. जपानी गिरण्यांत एक कामगार जास्त यंत्रं सांभाळत होता. कामगारांचं उत्तरही खरं होतं: हलक्या कापसाचं सूत सारखं तुटतं, मग तिसऱ्या मागाकडे पाहायचं कधी? एप्रिल १९२८ मध्ये सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले आणि ऑक्टोबरपर्यंत बाहेर राहिले. ना. म. जोशी आणि डांगे एकाच संप समितीत बसले. अनेकजण बोटीने कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी गेले. बेकारीचा भत्ता नसलेल्या त्या शहरात बेकारी गावच पोसत होतं, म्हणून ती गिरणीच्या वहीत कुठे दिसतही नव्हती.

या भांडणाच्याही बाहेर काही माणसं होती. विणकाम खात्यात पगार बरा असे, पण तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना तिथे शिरकाव नव्हता. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला. तिसऱ्या मागाचा फायदा कोणाला, हे विचारताना पहिल्या मागापर्यंतही पोचू न दिलेला माणूस लक्षात ठेवावा लागतो.

चौकशीसाठी नेमलेल्या फॉसेट समितीने मार्च १९२९ मध्ये ही योजना तत्त्वतः रास्त ठरवली. त्याच महिन्यात मीरत खटल्यासाठी प्रमुख पुढाऱ्यांना अटक झाली. त्या वर्षीचा संप फसला. मग जागतिक मंदी आली. १९३३ पर्यंत राहणीखर्च जवळपास १९१४ च्या पातळीवर उतरला आणि १९२५ मध्ये वाचलेल्या भत्त्याला आता कात्री लागली. १९३४ च्या संपालाही ती रोखता आली नाही.

म्हणून ‘उत्पादकता वाढली की पगार वाढतो’ हे वाक्य मला अर्धं वाटतं. उत्पादकतेने फक्त वाटायला जास्त कापड येतं. भाव चढते असताना कामगाराला आपला वाटा मागता आला, कारण मालकाला माणसं हवी होती. भाव उतरते असताना तीच वाढ तिसऱ्या विणकराची नोकरी घेऊन गेली. दीर्घकाळात सगळं जुळून येतं असं पाठ्यपुस्तक सांगतं. तोवर तो विणकर गावी कर्जावर जगत होता, आणि त्या खर्चाची नोंद कोणत्याही ताळेबंदात नाही.