तारेवरून हरलेला बचाव

प्यादे घ्यावे, घट्ट धरावे आणि हल्ला आपोआप ओसरू द्यावा, ही विल्हेल्म स्टाइनिट्झची शिकवण पुढच्या पिढ्यांनी खरी मानली, आणि ते योग्यच झाले. पण या बचावाची किंमत त्याने कमी लेखली. ऑक्टोबर १८९० ते एप्रिल १८९१ या काळात न्यूयॉर्कचा हा जगज्जेता आणि सेंट पीटर्सबर्गचा मिखाईल चिगोरिन तारेने दोन डाव खेळले. इव्हान्स गॅम्बिटच्या डावात पांढरी मोहरी चिगोरिनकडे होती. स्टाइनिट्झने आपल्याच पुस्तकात सुचवलेला, वजीर लवकर बाहेर काढण्याचा बचाव निवडला. तेराव्या चालीला तो वजीर राजाला खेटून उंटाच्या मूळ घरात जाऊन बसला; लगेच पांढरे प्यादे सहाव्या ओळीत घुसले.

त्याच हिवाळ्यात स्टाइनिट्झ गुन्सबर्गशी जगज्जेतेपदाचा सामना खेळत होता, मन विभागले होते, असा आक्षेप येईल. पण तारेच्या डावात विचाराला दिवस मिळत, आणि त्या सामन्याच्या बाराव्या डावात गुन्सबर्गनेही हाच बचाव पटावर समोरासमोर मोडला. हवानात १८८९ मध्ये स्टाइनिट्झकडून हरलेल्या चिगोरिनने तारेवरचे दोन्ही डाव जिंकले.