आलापल्लीचे राखीव वन आणि भूभुंगेरे : वनेतिहासाचे एक उपेक्षित साधन

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला; तथापि, वनांचा इतिहास दोन्ही जिल्ह्यांना सामाईक आहे. ब्रिटिश काळापासून वनखात्याच्या दप्तरात साग, बांबू व महसूल यांना प्राधान्य मिळाले. पालापाचोळ्यातील जीवांची नोंद मात्र क्वचितच झाली.

भूभुंगेरे हे असेच उपेक्षित जीव होत. त्यांच्या अनेक जातींना उडता येत नाही. त्यामुळे जुने वन तोडल्यानंतर नव्या लागवडीत अशा जाती सहजासहजी परतत नाहीत. युरोपात त्यांच्या आढळावरून वनाचे सातत्य जोखले जाते.

आलापल्लीजवळील सुमारे ६ हेक्टर वन १९५३ पासून नैसर्गिक अवस्थेत राखले गेले असून २०१४ मध्ये ते जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. तोड व लागवड झालेल्या सागवनाशी तुलना करण्यासाठी ते मोलाचे ठरते.

अर्थात, भुंगेरे तोडीचे वर्ष सांगत नाहीत. वणवा व चराई यांचाही त्यांच्यावर परिणाम होतो. म्हणून दप्तर, ग्रामस्थांची स्मृती व भूभुंगेरे ही साधने एकत्रितपणे अभ्यासणे आवश्यक आहे. असे जुने वन नष्ट झाल्यास तुलनेचा हा आधारच नाहीसा होईल आणि नव्या लागवडीने तो भरून निघणार नाही.