सोपारा : बीडहून निघणाऱ्या धम्मयात्रेसाठी माहिती

पालघर जिल्ह्यातील नालासोपारा हे आज खच्चून भरलेल्या लोकलसाठी ओळखले जाणारे शहर आहे. पालि ग्रंथांत याचे नाव सुप्पारक, संस्कृतात शूर्पारक आणि लेण्यांतील शिलालेखांत सोपारक असे येते. अपरांत म्हणजे उत्तर कोकण, आणि त्याचे हे मोठे बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक नावाड्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये भडोचनंतरच्या बंदरांत सुप्पारा आणि कल्याण ही नावे लागोपाठ आलेली आहेत.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीला आणि विजयादशमीला दीक्षाभूमीला गाड्या भरून जातात. अजिंठा-वेरूळची सहल तर शाळेतच होते. सोपारा मात्र आपल्या यादीत नसतो. दादरला उतरलेला आपला माणूस त्याच स्टेशनवरून सुटणाऱ्या विरार लोकलने सम्राट अशोकाच्या शिलालेखाच्या गावी पोहोचू शकतो, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून ही माहिती.

कधी जावे

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. या काळात ऊन असते आणि कोकणात घामाच्या धारा लागतात, हे खरे. पण आपल्याकडे कारखान्यांचा पट्टा पडून कोयते गावी परतलेले असतात, कॉलेजच्या परीक्षा उरकलेल्या असतात आणि मृगाच्या पेरणीला अजून अवकाश असतो. ऊसतोड कुटुंबातल्या मुलामुलींना दिवाळीत किंवा डिसेंबरात वेळ मिळत नाही. तेव्हा एक तर ते फडात असतात, नाहीतर आईबाप फडात असल्यामुळे घर आणि धाकटी भावंडे सांभाळत असतात. यात्रा डिसेंबरात ठरवली की ही मुले आपोआप वगळली जातात, आणि कोणी वगळले गेले हे ठरवणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाही.

बंदर समजून घ्यायलाही हाच काळ बरा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्याआधीच्या आठवड्यात अर्नाळ्याच्या बाजूला गेलात तर होड्या वर ओढून घेण्याची घाई, वाळत घातलेले बोंबील आणि पावसाळ्याच्या आगोटीची खरेदी दिसते. दोन हजार वर्षांपूर्वीही समुद्र खवळायच्या आत व्यवहार आवरावे लागत. घाटावरून आलेले तांडे पावसाआधी परतत आणि भिक्खू आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावासासाठी एका जागी थांबत. व्यापारी आणि भिक्खू एकाच वाटेने चालत आणि एकाच पावसाने थांबत. धम्म बंदरांतून आणि घाटवाटांतून का पसरला, याचे बरेचसे उत्तर यात आहे.

वाट आपल्याच भागातून जाते

सोपारा आपल्यापासून लांब असला तरी परका नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. तगरहून साधे कापड मोठ्या प्रमाणात गाड्यांवर लादून किनाऱ्याकडे जात असे, असे पेरिप्लस सांगतो. त्याच्या काळात हा माल भडोचला जाई. कोकणातल्या बंदरांकडे जाणारी वाट पैठण, जुन्नर, नाणेघाट, कल्याण अशी होती. तेरचे त्रिविक्रम मंदिर मुळात विटांचे बौद्ध चैत्यगृह होते, हे तिथल्या गजपृष्ठाकार बांधणीवरून आजही ओळखता येते. सोपाऱ्याला जाण्याआधी तेर पाहून घ्यावे, असे आम्ही आग्रहाने सांगू.

माजलगावहून पाथर्डी, अहिल्यानगर, आळेफाटा, माळशेज घाट, मुरबाडमार्गे कल्याणला जाणारा रस्ता थेट या जुन्या वाटेच्या शेजारून जातो. स्वतःची गाडी असेल तर जुन्नरच्या बाजूने नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत जाता येते. मे महिन्यात खालून चढण्याच्या फंदात पडू नये. सातवाहन राणी नागनिकेच्या लेखासाठी नाणेघाट प्रसिद्ध आहे. पण तिथल्या एका पाण्याच्या पोढीवरचा छोटा लेखही शोधा. ती पोढी सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिलेली आहे. बंदरातला एक माणूस घाटमाथ्यावर, तांड्यातल्या अनोळखी लोकांसाठी पाण्याची सोय करून जातो! कार्ल्याच्या चैत्यगृहातही सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या धम्मोत्तरीय पंथाच्या भाणकाने शरीरधातूंसह स्तंभ दान दिल्याचा लेख आहे.

स्तूप

नालासोपारा पश्चिमेला, स्टेशनपासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर स्तूप आहे. जागा भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. सांचीचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून जाल तर निराश व्हाल. इथे आहे तो मध्ये खोदलेला विटांचा ढिगारा. समुद्रही इथून दिसत नाही. गाळ साचून खाडी आटत गेली आणि किनारा दूर राहिला.

एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथे उत्खनन केले. तेव्हा गावकरी या टेकाडाला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. शूर्प म्हणजे सूप आणि सूप विणणारा तो बुरुड. गावाच्या नावातले सूप लोकांच्या आठवणीत बुरुड राजा होऊन राहिले असावे, असा आमचा तर्क आहे. आज अनुसूचित जातीत मोडणाऱ्या एका कारागीर जातीच्या नावाने हा स्तूप कित्येक पिढ्या ओळखला गेला, एवढे मात्र नक्की.

टेकाडाच्या मध्यभागी विटांची कोठडी आणि तिच्यात दगडी पेटी निघाली. पेटीत मध्यभागी तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती धातूच्या आठ मूर्ती : विपस्सीपासून गोतमापर्यंत सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक होता. सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. हे भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे अवशेष, अशी श्रद्धा. पेटीत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही मिळाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा स्तूप अशोकाने बांधला, असे फलकांवर आणि भाषणांत सर्रास म्हटले जाते. यज्ञश्रीचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध आहे आणि आठ मूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या आहेत. म्हणजे निदान ही पेटी अशोकाच्या काळात बंद झालेली नाही. आमच्या मते यात स्तूपाचे मोल कमी होत नाही. अशोकानंतर हजार वर्षांनीही इथे कोणीतरी पेटी उघडून नव्या मूर्ती ठेवत होते, म्हणजे तेवढा काळ इथे धम्म जिवंत होता. तुकडे खरोखर भिक्षापात्राचे आहेत का, हे सिद्ध करता येणार नाही. पण सोन्याच्या डबीत सोने न ठेवता मातीचे खापर जपणारे लोक इथे होते, हे तर सिद्धच आहे.

शिलालेखाचे दोन तुकडे

सोपाऱ्याचे खरे धन हे आहे. अशोकाच्या चौदा शिलालेखांच्या मालिकेतले लेख महाराष्ट्रात फक्त इथे सापडले. १८८२ मध्ये भातेला तळ्याजवळ आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला.

आठवा लेख यात्रेविषयीच आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि करमणुकीसाठी विहारयात्रा करत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत काय करायचे, तेही लेखात आले आहे : श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि दान, वृद्धांची भेट आणि त्यांना मदत, जनपदातल्या लोकांना भेटणे, त्यांना धम्म सांगणे आणि त्यांच्याशी धम्माविषयी प्रश्नोत्तरे करणे. वास्तू पाहण्याचा यात उल्लेखही नाही. सगळा भर माणसे भेटण्यावर आहे. बस थांबवायची, वंदना घ्यायची, पंचशील ध्वजासोबत फोटो काढायचे आणि पुढे वसई किल्ल्याकडे निघायचे, या पद्धतीच्या सहलीला अशोकाच्या भाषेत विहारयात्रा म्हणावे लागेल.

नवव्या लेखात आजारपण, लग्न, मुलाचा जन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक करतात त्या मंगलविधींची झडती आहे. त्यातून फार थोडे साधते, खरे फळ धम्ममंगलाचे, असे अशोक म्हणतो. धम्ममंगलात तो सर्वांत आधी नाव घेतो ते दास आणि भृतक यांच्याशी नीट वागण्याचे. भृतक म्हणजे मोलाने राबणारा. मुकादमाची उचल घेऊन सहा महिने फडात राबणाऱ्या घरातल्या मुलाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. याच लेखात स्त्रिया क्षुल्लक विधी फार करतात, असाही शेरा आहे. आमच्याबरोबरच्या मुलींना तो खटकला आणि त्यावर कल्याण येईपर्यंत वाद चालला. अशोकाचे आहे म्हणून ते वाक्य झाकून ठेवण्याचे कारण नाही.

दासीपुत्र पूर्ण

'दिव्यावदाना'तील कथेप्रमाणे पूर्ण हा शूर्पारकच्या भव नावाच्या व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा. भव आजारी पडला तेव्हा बायको-मुलांनी त्याला टाकले आणि दासीने त्याची सेवा केली. पूर्ण मोठा झाला, पण दासीचा म्हणून वाटणीत त्याला डावलले गेले. चंदनाच्या व्यापारात तो पुढे आला, सागरप्रवास करून श्रीमंत झाला आणि व्यापाऱ्यांच्या तोंडून बुद्धवचने ऐकून त्याने प्रव्रज्या घेतली. त्याच्या विनंतीवरून भगवान बुद्ध सोपाऱ्याला चंदनाच्या विहारात आले, असे ही कथा सांगते. ती आख्यायिका आहे आणि तशीच वाचावी.

मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्त वेगळ्या तोलाचे आहे. पुण्ण सुनापरांतात जायला निघतो. तिथले लोक कठोर आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर, दगड मारले तर, शस्त्राने जिवे मारले तर काय करशील, असे बुद्ध त्याला एकेक पायरी चढवत विचारतात. कार्यकर्त्यांच्या शिबिरात हा संवाद दोघांनी समोरासमोर बसून वाचावा. गावात जयंतीच्या मिरवणुकीवरून तणाव झाला की आपले पोर आधी काय करते, हे ज्याला माहीत आहे त्याला या प्रश्नांची धार कळेल. पुण्णाचे मौन म्हणजे माघार नव्हती; तो त्या प्रदेशात गेला आणि तिथेच राहिला. मात्र अत्याचार झाल्यावर तक्रार नोंदवू नये, असा अर्थ या सुत्तातून काढणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

वल्कले नेसणारा बाहिय दारुचीरियही याच सुप्पारकाच्या किनाऱ्यावरचा. त्याची गोष्ट उदानात वाचता येते.

निघण्यापूर्वी

करंडक आणि मूर्ती आज स्तूपापाशी नाहीत. त्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. त्या केव्हाही पाहायला मिळतील असे धरून चालू नये; संस्थेच्या नावाने आधी पत्र द्यावे आणि उत्तर आल्यावरच दिवस ठरवावा. आठव्या लेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. दोन्ही ठिकाणे दक्षिण मुंबईत जवळजवळ असल्याने एका दिवसात होतात. कान्हेरी लेणी परतीच्या वाटेवर बोरिवलीला आहेत. सोमवारी ती बंद असतात.

कल्याणहून नालासोपाऱ्याला लोकलने जायचे तर दादरला गाडी बदलून पश्चिम मार्गावर यावे. सकाळी चर्चगेटच्या दिशेने आणि संध्याकाळी विरारच्या दिशेने तीस-चाळीस जणांचा गट घेऊन चढू नका. दुपारची वेळ धरा. सोबत पाणी, मीठ-साखर आणि टोपी हवी. स्तूपाच्या विटांवर चढू नये, मेणबत्त्या त्यांच्यावर चिकटवू नयेत, वीट उचलून घरी आणू नये. श्रद्धेपोटीही नाही.

मुक्काम वसई-विरार पट्ट्यातल्या एखाद्या बुद्धविहारात करता आला तर उत्तम. तिथे मराठवाड्यातून पोटासाठी गेलेली आपली माणसे भेटतात. त्यांना भेटायला एक अख्खी संध्याकाळ मोकळी ठेवा. भाडे किती, पाणी किती वेळ येते, गावची जमीन कोण कसते, मुले कोणत्या शाळेत जातात, हे विचारा आणि त्यांनाही तुम्हाला विचारू द्या. ७ जूनच्या आत परत यायचे असेल तर तिकिटे एप्रिलमध्येच काढावी लागतात.