‘पाठलाग’: जिवंत की भास?

कोल्हापूरच्या चित्रसृष्टीचे नाव निघाले की इतिहासपट, पौराणिक चित्रपट आणि फेटेवाला ग्रामीण नायक डोळ्यांसमोर येतो. रहस्यपट हा काही या नगरीचा प्रांत मानला जात नाही. तरीही मराठीतील एका गाजलेल्या रहस्यपटाची दोन प्रमुख नावे येथल्या चित्रसंस्कारातूनच आलेली आहेत. मिरजेत जन्मलेले दिग्दर्शक राजा परांजपे हे भालजी पेंढारकरांच्या तालमीत तयार झाले. तर गीतकार ग. दि. माडगूळकर यांची उमेदवारी मास्टर विनायकांच्या सहवासात झाली. तो चित्रपट म्हणजे १९६४ सालचा ‘पाठलाग’.

‘लाखाची गोष्ट’ (१९५२) आणि ‘पेडगावचे शहाणे’ (१९५२) यांच्या दिग्दर्शकाकडून प्रेक्षकाला अपेक्षा होती ती प्रसन्न विनोदाची. परांजपे यांनी मात्र जयंत देवकुळे यांची ‘आशा परत येते’ ही कादंबरी निवडली. कायद्याच्या पेशातील एका प्रतिष्ठित गृहस्थाची पत्नी निधन पावते. काही काळाने आरोपी म्हणून पकडली गेलेली, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक स्त्री सांगते, की मीच तुमची पत्नी. पती-पत्नींखेरीज कोणालाही ठाऊक नसावेत असे तपशील ती सांगू लागते आणि ज्याच्या डोळ्यांदेखत पत्नीची चिता पेटली, त्या पतीची बुद्धी डळमळते.

चित्रपटाची खरी मोहिनी येथे आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेल्या वाचकाला गुन्हेगाराचा माग काढणारा धाडसी नायक परिचयाचा होता. ‘पाठलागा’त प्रश्न गुन्हेगार कोण, एवढाच उरत नाही, आपण जिच्याबरोबर संसार केला, तिला आपण कितपत ओळखत होतो, हा तो प्रश्न आहे. नायकाला पुराव्याने ती परकी ठरवायची आहे, आणि मनातून ती आपलीच निघावी असेही वाटते. काशिनाथ घाणेकर यांनी हा दुभंग उभा केला. भावना यांचे काम अधिक अवघड होते. एकाच चेहऱ्यावर खरेपणा आणि कावा, दोन्हींची शक्यता त्यांना शेवटपर्यंत जागती ठेवायची होती. रहस्य माहीत झाल्यावर पुन्हा चित्रपट पाहणारा रसिक त्या चेहऱ्यासाठीच पाहतो.

आल्फ्रेड हिचकॉक यांनी ‘व्हर्टिगो’मध्ये (१९५८) मृत स्त्रीचे कोडे शेवटाच्या बरेच आधी प्रेक्षकाला सांगून टाकले होते. परांजपे यांनी ते राखून ठेवले. (तो उलगडा येथेही सांगणे उचित नव्हे.) कृष्णधवल छायाचित्रण, दत्ता डावजेकर यांचे संगीत आणि आशा भोसले यांचा आर्त स्वर यांनी संशयाची ती सावली अधिकच गडद केली.

‘पाठलागा’ला मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे रौप्यपदक लाभले. १९६५ मध्ये तमिळमध्ये ‘इदय कमलम्’ आला. १९६६ मध्ये राज खोसला यांनी साधना आणि सुनील दत्त यांना घेऊन हिंदीत ‘मेरा साया’ काढला. उदयपूरची पार्श्वभूमी, रंगीत पडदा आणि मदनमोहन यांची गाणी यांमुळे तो देशभर गाजला. मूळ कथा मराठी, हे मात्र अनेकांना नंतर कळले.