फोटो चांगला, तरी स्पर्धेतून बाद? आधी विभाग तपासा

फोटोग्राफी क्लबच्या स्पर्धांत अनेक चांगले फोटो केवळ चुकीच्या विभागात पाठवल्याने बाद होतात. नेहमीचे विभाग आणि त्यांचे नियम असे:

मोनोक्रोम : ब्लॅक अँड व्हाइट फोटो चालतो. पूर्ण फोटोला सेपियासारखी एकच छटा दिली तरी चालते. पण बाकी फोटो काळा-पांढरा करून फक्त कुंकू लाल ठेवलं, की तो रंगीत विभागात जातो.

निसर्ग : फियाप, पीएसए आणि आरपीएस या संस्थांची २०१५पासून एकच व्याख्या आहे. पाळीव जनावरं, बागेत लावलेली फुलं चालत नाहीत. क्रॉप करता येतं. नको असलेली फांदी मात्र पुसायची नाही.

वन्यजीव : प्राणी त्याच्या अधिवासात मोकळा हवा. दांडेलीच्या जंगलातला धनेश चालेल, प्राणिसंग्रहालयातला वाघ नाही.

वृत्तछायाचित्र : मुद्दाम घडवून आणलेला प्रसंग बाद.

ओपन : विषयाचं बंधन नाही, एडिटिंगलाही बरीच मोकळीक असते.

प्रत्येक स्पर्धेची नियमावली वेगळी असू शकते, ती आधी वाचावी. कॅमेऱ्यातली मूळ फाइल डिलीट करू नये. शंका आल्यास आयोजक तीच मागतात.