१ ऑगस्ट

ग्रेगोरियन कालगणनेतील वर्षाचा २१३ वा, लीप वर्षात २१४ वा दिवस. महाराष्ट्राच्या दृष्टीने या तारखेचे सर्वांत मोठे वर्ष १९२०. त्या दिवशी पहाटेपूर्वी मुंबईतील सरदारगृहात लोकमान्य बाळ गंगाधर टिळकांचे निधन झाले. अफाट जनसमुदायाच्या उपस्थितीत गिरगाव चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. पुढे तेथेच त्यांचा पुतळा उभा राहिला. त्याच दिवशी म. गांधींच्या असहकार आंदोलनाला प्रारंभ झाला आणि त्यांनी ‘कैसर-इ-हिंद’ पदक सरकारला परत केले. चळवळीसाठी नंतर उभारलेल्या एक कोटी रुपयांच्या निधीला टिळकांचेच नाव दिले गेले. मतभेद असूनही गांधींनी राखलेला हा आदर मोलाचा आहे.

त्याच तारखेला वाटेगाव (आता सांगली जिल्हा) येथे तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच अण्णा भाऊ साठे, यांचा जन्म झाला. गावकुसाबाहेरचे जगणे कादंबरी, लोकनाट्य आणि पोवाड्यांतून मांडणाऱ्या या लेखकाने ‘फकिरा’ डॉ. आंबेडकरांना अर्पण केली. त्यांचा वाङ्मयीन दर्जा मान्य करायला मराठी समीक्षेने फार उशीर लावला.

इतरत्र : ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा अमलात (१८३४); मात्र सक्तीच्या उमेदवारीतून कॅरिबियनमधील मजुरांची सुटका १ ऑगस्ट १८३८ रोजीच झाली. जर्मनीचे रशियाविरुद्ध युद्ध जाहीर (१९१४). नाझींविरुद्ध वॉर्सातील उठाव सुरू (१९४४). तो ६३ दिवस चालला.

मृत्यू : नीरद चौधरी, लेखक (१९९९), कोराझोन अक्विनो, फिलिपीन्सच्या माजी राष्ट्राध्यक्षा (२००९).

महाराष्ट्रात हा दिवस महसूल दिन म्हणूनही पाळला जातो.